मोहफुलाच्या बुडाशी : रोजच्या छायाचित्राने बदललेले निसर्गलेखनाचे वाचन

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी आमच्या भागातील झाडे आणि त्यांच्याविषयीच्या लोकसमजुती यांवर एक लेख लिहिला होता. तो एका लहान नियतकालिकात छापून आला. त्यात मोहावर एक परिच्छेद होता. मोहफूल वेचणाऱ्या बाया सांगतात की फूल वेचल्याने टोळ, म्हणजे मोहाचे फळ, कमी होत नाही. ही समजूत भाबडी आहे. फूलच उचलून नेले तर फळ येणार कुठून, असे मी त्यात लिहिले होते. वाक्य ठसठशीत होते आणि मला ते आवडलेही होते.

ते वाक्य चूक होते. ही चूक मला कोणा अभ्यासकाने दाखवली नाही. मोबाइलवर रोज काढलेल्या काही साध्या छायाचित्रांनी आणि एका निरक्षर बाईने ती दाखवली. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती म्हणून लिहीत आहे. पण दुरुस्ती करता करता असे लक्षात आले की चूक एका फुलापुरती नव्हती. मराठीतील निसर्गविषयक लेखन मी ज्या पद्धतीने वाचत आलो, त्या वाचनातच ती होती. म्हणून हा लेख छायाचित्रांइतकाच पुस्तकांविषयीही आहे.

माझी जागा

मी गोंडपिपरीत राहतो. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात आमचा तालुका आहे. पलीकडे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा, वर्धेपलीकडे तेलंगण. खाली या दोन्ही नद्या एकत्र येतात आणि प्राणहिता होतात. धान, कापूस, मिरची ही शेते आणि त्यांना लागून साग, बांबू, मोह, तेंदू, पळस यांचे जंगल. मराठी, झाडीबोली, गोंडी आणि तेलुगू या चारही भाषा बाजाराच्या दिवशी एकाच ओट्यावर ऐकू येतात.

माझे झेरॉक्सचे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत झाले. पुढचे जे काही वाचन झाले ते ग्रंथालयाची पुस्तके घरी आणून, आणि खरे सांगायचे तर रात्री दुकान बंद केल्यावर काही पाने मशीनवर काढून झाले. पासपोर्ट फोटोही काढतो, त्यामुळे कॅमेरा हातात होता. पण तो माणसाच्या चेहऱ्यावर लावायची वस्तू आहे, एवढीच माझी समज होती.

माझ्या त्या लेखाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. काही वर्षांनी जवळच्या एका गावात मोहफूल वेचणाऱ्या बायांसाठी शिबिर झाले. तिथे एका उत्साही तरुणाने माझ्या लेखाची प्रत वाचून दाखवली आणि निम्मे मोह जमिनीवरच सोडून द्या, नाहीतर पुढे टोळ मिळणार नाही, असे सांगितले. प्रत माझ्याच दुकानात काढलेली होती. मार्च-एप्रिलच्या त्या तीन-चार आठवड्यांत वेचलेल्या मोहावर ज्या घराचे पुढचे दोन महिने निघतात, त्या घराला निम्मे सोडून दे म्हणणे म्हणजे काय, हे मला तेव्हा सुचले नाही. त्या गावची एक मावशी दुसऱ्या दिवशी आधार कार्डाची प्रत काढायला आली. जाताना म्हणाली, "भाऊ, तुमी लिवलं ते बराबर नाई." मी तिला मुलीच्या शाळेच्या पुस्तकातली फुलाची आकृती दाखवली. पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर, परागण, फळ. तिने आकृती नीट पाहिली आणि काही न बोलता गेली.

रोजचा एक फोटो

2020 च्या मार्चअखेर दुकान बंद करावे लागले. घरामागच्या बांधावर मोहाचे एक जुने झाड आहे. करायला काही नव्हते म्हणून मी रोज सकाळी त्याचा एक फोटो काढू लागलो. जागा एकच, वेळ साधारण एकच. काही दिवसांनी त्यात दोन फोटोंची भर पडली. एक फांदीच्या टोकाचा, एक झाडाखालच्या जमिनीचा. गावातल्या घड्याळजीकडून एक जुने भिंग घेतले आणि ते मोबाइलच्या काचेपुढे धरले की मुंगीच्या पायावरचे केसही दिसतात, हेही कळले. दुकान पुन्हा सुरू झाले तरी सवय सुटली नाही.

हे फोटो सुंदर नाहीत. बरेचसे कंटाळवाणे आहेत. आज आणि काल यांत फरक दिसत नाही. पण महिनाभराचे फोटो ओळीने पाहिले की झाड हलताना दिसते. पाने विरळ होतात, फांद्यांच्या टोकांशी तांबूस मखमली कळ्यांचे झुबके लोंबतात, मग पहाटे खाली पांढुरका सडा, आणि त्याच सुमारास टोकाला तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी. हा क्रम मी पन्नास वर्षे पाहत होतो. तो कोणत्या दिवशी काय करतो हे मात्र कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. ज्याला मी निरीक्षण समजत होतो ती बहुतांशी आठवण होती, आणि आठवण आपल्याला हवी तशी झाड सजवते.

मी प्रत्येक फोटोला एका ओळीचे टिपण जोडत असे. फुले पडायला लागून आठवडा झाला तेव्हाच्या फांदीच्या फोटोखाली मी सलग काही दिवस "कळ्या" असे लिहिले आहे. एका दुपारी ते फोटो मोठे करून पाहत होतो. कळ्या म्हणून ज्यांची नोंद केली होती त्या कळ्या नव्हत्या. तपकिरी, लवदार वाट्या होत्या आणि प्रत्येक वाटीतून एक हिरवी सुई बाहेर आली होती. मागच्या फोटोंत शोधले तर ती सुई कळीच्या तोंडातूनही डोकावताना दिसत होती. मग जमिनीवरच्या फुलांचे फोटो काढून पाहिले. पिवळसर पांढरा, रसाळ मणी. त्याच्या बुडाशी भोक.

त्या भोकाचा अर्थ मला फोटोवरून लागला नाही. सात-आठ दिवस घोळवत राहिलो आणि शेवटी त्या मावशीच्या गावी गेलो. ती अंगणात मोह वाळवत होती. मी मोबाइल पुढे केला. तिने तो बाजूला सारला, पाटीतले एक ताजे फूल उचलले, अंगणातली गवताची एक काडी तोडली आणि फुलातून आरपार घातली. वरून गेली, बुडातून निघाली. "हे अंगठं आहे भाऊ," ती म्हणाली, "आई वरतेच रायते. तिले कोन वेचते?"

झेरॉक्सवाल्याने बारावीच्या जीवशास्त्राचे पुस्तक पुन्हा काढले, मग वनस्पतींची वर्णने असलेली जुनी पुस्तके मिळवली. सगळे स्पष्टच होते. मोहाचे जे खाली पडते ते पूर्ण फूल नाही. ती पाकळ्यांची जुळून झालेली रसाळ नळी आहे आणि पुंकेसर तिच्या आतल्या बाजूलाच चिकटलेले असतात. परागण होऊन गेले की ही नळी पुंकेसरांसह गळते. फुलाची तपकिरी वाटी, बीजकोश आणि ती लांब सुई, म्हणजे कुक्षिवृंत, झाडावरच राहतात. तिथेच पुढे टोळ धरते आणि पावसाच्या तोंडाशी पिकते. वेचणारी बाई झाडाने टाकून दिलेले उचलते. फांदी हलवून किंवा काठीने झोडून कच्ची फुले पाडली तर गोष्ट वेगळी. पिकलेली टोळ सगळी गोळा केली तर रोपे कमी उगवतील हेही खरे. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, त्यात कोवळी रोपे जळतात आणि वणवाही लागतो, हेही खरे. पण फूल वेचले म्हणून फळ गेले, हे माझे वाक्य निखालस चूक होते.

कॅमेरा काय दाखवतो, काय सांगत नाही

या प्रसंगावरून कॅमेऱ्याचा गौरव करणे सोपे आहे. तो गौरव आधीही झाला आहे. कार्ल ब्लॉसफेल्ट हा बर्लिनमधला कलाशिक्षक. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण नसलेल्या या माणसाने स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या, देठ अनेक पटींनी मोठे करून टिपले. 1928 मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि नेच्याचा गुंडाळलेला कोंब धर्मगुरूच्या दंडासारखा दिसतो, देठ एखाद्या प्राचीन खांबासारखा उभा राहतो, हे पाहून युरोप थक्क झाला. 1931 मध्ये वॉल्टर बेंजामिन यांनी छायाचित्रणाचा छोटा इतिहास लिहिला त्यात ब्लॉसफेल्ट येतात. कॅमेऱ्याशी बोलणारा निसर्ग आणि डोळ्याशी बोलणारा निसर्ग हे वेगळे आहेत, आपल्या नजरेला जे नकळत राहते ते कॅमेऱ्याला सापडते, असा बेंजामिन यांच्या म्हणण्याचा गाभा.

मोहाच्या सुईपुरते हे मला अनुभवाने पटते. मी पाहिली नव्हती, कॅमेऱ्याने टिपली होती. चित्रकार जे दिसले तेच काढतो. फोटोत जे आपल्याला दिसले नाही तेही येऊन बसते आणि महिन्यांनी सापडते. रोजच्या फोटोचा हा मोठा फायदा आहे. आपल्या अज्ञानाचीही त्यात नोंद राहते. माझ्या "कळ्या" या चुकीच्या टिपणांमुळेच मला माझी चूक तारखेसह सापडली.

पण ब्लॉसफेल्ट यांचे फोटो पाहताना मला एक अडचण येते. साध्या करड्या पार्श्वभूमीवर वनस्पती एकटी उभी असते. ती कुठल्या शेताच्या बांधावरची, कुठल्या महिन्यातली, तिला तिथले लोक काय म्हणतात, यांतले काहीच चित्रात नाही. आकार आहे, पत्ता नाही. माझ्या फोटोत बुडाचे भोक होते, त्याचा अर्थ नव्हता. अर्थ गवताच्या काडीने लागला. कॅमेऱ्याने पाहणे आणि माणसाला विचारणे यांची जोडी झाली तेव्हाच ज्ञान झाले.

तारखेची किंमत किती, याचे एक उदाहरण साहित्यातलेच आहे. हेन्री डेव्हिड थोरो यांनी 1850 च्या दशकात अमेरिकेतील कॉन्कर्ड गावाभोवती कोणते रानफूल कधी उमलते याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठातील रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी त्याच गावात फिरले, त्याच जातींची फुले पाहिली आणि तारखा ताडून पाहिल्या. नेहमीच्या 43 जाती थोरोच्या काळापेक्षा सरासरी आठवडाभर आधी फुलत असल्याचे त्यांना आढळले. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासूनच्या दरबारी रोजनिशींतून गोळा झाल्या आहेत. 2021 मध्ये तिथला बहर 26 मार्चला आला आणि बाराशे वर्षांच्या नोंदींत तो सर्वांत लवकरचा ठरला. या रोजनिशा लिहिणारे दरबारी किंवा थोरो हवामानाचा अभ्यास करत नव्हते. त्यांनी तारीख लिहिली, एवढेच. आमच्याकडे मोह लवकर फुलतो की उशिरा, हे सांगणारी म्हातारी माणसे पुष्कळ आहेत, तारखेची वही मात्र नाही.

मग पुस्तके पुन्हा वाचली

मोहाने मला तीन प्रश्न दिले. लिहिणारा कुठे उभा आहे? कोणत्या दिवशी पाहतो आहे? आणि जे सांगतो त्यातले पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते, आणि ऐकलेले असेल तर कोणाकडून? हे प्रश्न घेऊन मी माझी आवडती पुस्तके पुन्हा काढली. आजवर मी ती भाषेसाठी वाचत होतो. आपली समीक्षाही निसर्गलेखनाला चित्रमय, काव्यात्म, तरल अशी विशेषणे देऊन मोकळी होते. चित्र कशाचे, हे ती क्वचितच विचारते.

दुर्गाबाई भागवतांचे "ऋतुचक्र" 1956 चे. त्यांच्याइतके बारीक पाहणारे मराठीत फार थोडे. मुलगी दहावीत असताना तिच्या पुस्तकात त्यांतला "वसंतहृदय चैत्र" होता आणि मी तो तिला वाचून दाखवत असे. पिंपळाची पालवी आम्हा दोघांना ओळखीची होती. घाणेरी तर घराच्या कुंपणाला आहे आणि तिच्या एकाच गुच्छात रंग कसे बदलत जातात ते मी त्या लेखामुळेच पहिल्यांदा नीट पाहिले. पण माड आणि फणस आले तसा तो चैत्र आमच्यापासून दूर गेला. मुलीने विचारले, "बाबा, यात मोह काहून नाही?" तेव्हा मी तिला गप्प केले. आता वाटते, प्रश्न बरोबर होता, फक्त तो दुर्गाबाईंना विचारायचा नव्हता. मध्य प्रांताच्या जंगलात आदिवासींचा अभ्यास करायला गेलेल्या आणि पुढे मुंबईत राहिलेल्या दुर्गाबाईंना मोह माहीत नव्हता असे कोण म्हणेल? त्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचा चैत्र लिहिला आणि ते प्रामाणिकपणाचेच लक्षण आहे. दोष आमच्या वाचनाचा. किनाऱ्याजवळचा एक चैत्र आम्ही सगळ्या महाराष्ट्राचा चैत्र म्हणून शिकलो आणि शिकवला. महिन्यांची नावे सर्वत्र एकच असल्यामुळे ही फसगत झाली. "ऋतुचक्र" ला खरी दाद द्यायची तर प्रत्येक तालुक्याने आपले ऋतुचक्र लिहायला हवे होते. आम्ही तिची शैली उचलली, पाहणे उचलले नाही.

व्यंकटेश माडगूळकर माणदेशाचे. पण "नागझिरा" मध्ये ते आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलात येऊन राहतात आणि माझ्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे सर्वांत चोख मिळतात. जागा ठरलेली, मुक्काम ठरलेला, सकाळ की संध्याकाळ ते सांगितलेले. ते रेखाटने करत. रेखाटनासाठी एकाच गोष्टीकडे बराच वेळ पाहावे लागते. प्राणी हलला तर थांबावे लागते. त्यांच्या वाक्यांची काटकसर या सवयीतून आली असावी असा माझा तर्क आहे. "सत्तांतर" ही वानरांच्या टोळीची कादंबरिका. तिला 1983 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. नवा हुप्प्या टोळी ताब्यात घेतो, पिलांना मारतो, हे क्रूर वास्तव तिथे अभ्यासून आले आहे. पूर्वी मी "सत्तांतर" माणसांच्या राजकारणाचे रूपक म्हणून वाचत असे. वाचकाने तसे जरूर वाचावे. पण रूपक म्हणून वाचताना आपण वानरे सोडून देतो, आणि ती वानरे खरी असल्यामुळेच तर रूपकाला वजन आले आहे. माझी मोहाबाबतची चूक याच जातीची होती. मला मोहात माणसाच्या हव्यासाची गोष्ट दिसली आणि फूल पाहायचे राहून गेले.

मारुती चितमपल्ली 18 जून 2025 रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. नवेगाव, नागझिरा, मेळघाट या जंगलांत वनखात्याच्या नोकरीत काढलेली वर्षे त्यांच्या पुस्तकांतून आली. आमच्या भागातल्या वाचकाला त्यांनी एक मोठी गोष्ट दिली : आपल्या बोलीतली झाडापाखरांची नावे छापील पुस्तकात असू शकतात हा विश्वास. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला "सारंगागार" म्हणणारा हा माणूस शब्द घडवत होता आणि गोळाही करत होता. नवेगावचे माधवराव पाटील आणि इतर जाणती माणसे त्यांच्या लेखनात नावानिशी येतात. तिसऱ्या प्रश्नाला, कोणाकडून ऐकले या प्रश्नाला, इतके मोकळे उत्तर देणारा दुसरा लेखक मला मराठीत आठवत नाही.

त्यांच्याविषयीच माझी तक्रारही आहे. त्यांच्या लेखनात अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले, जाणत्याने सांगितलेले आणि जुन्या पोथीत वाचलेले एकाच लयीत वाहते. वाक्याचा सूर बदलत नाही, त्यामुळे वाचकाला सांधा दिसत नाही. त्या सांध्यावर उभे राहून काही वाचक सगळेच खरे मानतात आणि काही सगळ्यालाच दंतकथा म्हणून हसतात. मी दुसऱ्या गटातला होतो. चितमपल्लींच्या पुस्तकातली एखादी ऐकीव गोष्ट खोटी वाटली की बायांचे सगळेच सांगणे समजुतीच्या खात्यात टाकायची सवय मला लागली. मोहाचा परिच्छेद त्या सवयीतून आला. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे मांडायचे ते ऐकलेल्याला कमी लेखायला नव्हे. वेगळे मांडले तरच ते तपासता येते, आणि तपासल्यावर ते खरे ठरण्याची शक्यता उरते.

या बाबतीत आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले एक पुस्तक मला आज जास्त जवळचे वाटते. डॉ. राणी बंग यांचे "गोईण". गोंडीत गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीतल्या बायांचे झाडांशी असलेले नाते त्यात आहे. बाया बोलतात आणि लेखिका ऐकते. ते निसर्गलेखनाच्या कपाटात क्वचित ठेवले जाते, कारण त्यात सूर्यास्त नाहीत. माझ्या मते ते त्या कपाटात वरच्या फळीवर हवे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षे त्या गावाचा अभ्यास गट बसत होता. जंगलाविषयी बोलायचे तर आधी गावाने बसून अभ्यास करायचा, ही रीत त्यांची. मी दुकानात एकटा बसून अभ्यास करत होतो, हा फरक.

कोणाकडे पाहायचे

चंद्रपूर जिल्हा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर वाघाचा फोटो येतो. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथल्या वाघांचे फोटो जगभर गेले आहेत. त्या फोटोंशी माझे भांडण नाही. पण त्यांनी जंगल पाहण्याची एक रीत रुजवली. मोठे, दुर्मीळ, क्षणात निसटणारे तेवढेच पाहण्याजोगे, आणि ते दिसले नाही तर फेरी फुकट गेली. आमच्या बाया त्याच जंगलात पहाटे जातात त्या कमरेत वाकून, मान खाली घालून, जमिनीवर नजर लावून. वाघ दिसू नये हीच त्यांची इच्छा असते. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तसल्या जंगलात फूल, पान, माती, वाळलेल्या पाचोळ्यातला आवाज यांतले बारीकसारीक ओळखणे हा छंद राहत नाही. ज्यांना सर्वांत बारीक दिसते त्यांचे पाहणे पुस्तकात सर्वांत कमी आले आहे, कारण त्या लिहीत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

मी मावशीचा चेहरा कधी टिपला नाही. तिला ते आवडत नाही. तिच्या हातातली गवताची काडी आणि तीवर अडकलेले मोहाचे फूल, एवढा एक फोटो आहे. त्याला जागा, तारीख आणि तिने सांगितलेले वाक्य तिच्याच बोलीत जोडून ठेवले आहे. माझ्याकडच्या दीड हजारांवर फोटोंत पुरावा म्हणता येईल असा मला हाच वाटतो.

अशी टिपणे कोणीही करू शकतो. महागडा कॅमेरा लागत नाही. दारातले एक झाड निवडावे. रोज एक फोटो, शक्यतो एकाच जागेवरून. खाली तारीख. जे दिसले ते एका ओळीत, जे वाटले ते वेगळ्या ओळीत. जे कोणी सांगितले ते तिसऱ्या ओळीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत आणि त्याची हरकत नसेल तर नावासह. चुकीची टिपणे खोडू नयेत. वर्षभराने हीच वही हातात घेऊन आपल्या आवडत्या लेखकाचे पुस्तक उघडावे. पुस्तक लहान होत नाही. माडगूळकर मला आज पूर्वीपेक्षा मोठे वाटतात. दुर्गाबाई आता कळतात, कारण त्या कुठे उभ्या राहून पाहत होत्या ते कळले आहे.

दुरुस्ती

तेव्हा माझ्या जुन्या लेखातला परिच्छेद यापुढे असा वाचावा : मोहाचे झाड पहाटे जे टाकते ती फुलाची रसाळ नळी असते, फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो, जमिनीवर पडलेले मोह वेचल्याने टोळ कमी होत नाही. बाया हे आधीपासून सांगत होत्या. मी न तपासता त्यांना भाबडे म्हटले, ते चुकले.

अंक हाती आला की या पानांच्या प्रती काढून मी त्या गावी नेणार आहे. त्या तरुणालाही एक देईन. मावशीला वाचता येत नाही, तिला वाचून दाखवावे लागेल. तिने आणखी काही चूक काढली तर पुढच्या मोहाच्या हंगामात तीही टिपून ठेवीन.